एक गोणी जास्तीची

बटाट्याला खत किती घालायचं, हे आमच्याकडे शेजाऱ्याच्या बांधावर ठरतं. त्यानं चार गोण्या टाकल्या की आपण पाच. त्याच्या वरंब्यावर पाला गुडघ्याला लागला आणि आपला पोटरीलाच राहिला, तर माणसाला रात्रीचं जेवण गोड लागत नाही. मी कृषी पदवीच्या परीक्षेत नत्र, स्फुरद, पालाश म्हणजे नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियमचे तक्ते पाठ करून पानंच्या पानं लिहिली. पण बटाट्याच्या खताचा खरा हिशोब मला कळला तो वडिलांच्या कृषी सेवा केंद्राच्या काउंटरमागे बसल्यावर.

आमचं दुकान आंबेगाव तालुक्यात, मंचरच्या बाजूला. गिऱ्हाईक बरंचसं सातगाव पठारावरचं. पेठ, कुरवंडी, भावडी, कारेगाव ही नावं पुणे-नाशिक रस्त्यानं जाणाऱ्यांनी पाटीवर वाचली असतील. देशात बहुतेक ठिकाणी बटाटा म्हणजे थंडीचं पीक. या पठारावर मात्र तो पावसाळ्यात येतो. मृगाचा पाऊस झाला, वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण कामाजोगी झाली, की लागवड, आणि गणपती-नवरात्राच्या आसपास काढणी. हवा थंड, जमीन निचऱ्याची, आणि सगळी भिस्त आभाळावर. बेणं पंजाबातून, जालंधरकडून येतं. मंचरच्या बाजारात ट्रक उभे राहिले की पन्नास किलोच्या कट्ट्यांभोवती माणसं कोंडाळं करतात. नखानं साल खरवडून बघतात, डोळे मोजतात, वास घेतात.

बेण्याची गोष्ट आधी सांगते, कारण खताची गोष्ट तिथूनच सुरू होते. ज्वारीचं बी एकरी चार किलो लागतं. बटाट्याचं सहा ते आठ क्विंटल. एकूण खर्चातला सगळ्यात मोठा वाटा याच बेण्याचा, अनेकदा निम्म्याच्या आसपास जाणारा. म्हणजे पहिला कोंब जमिनीवर दिसायच्या आत शेतकऱ्यानं निम्मे पैसे मातीत पुरलेले असतात. त्यातले बरेचसे उसने, सोसायटीचे, नाहीतर बायकोच्या गळ्यातले. पाऊस ओढ देईल का, पानं जाळणारा करपा रोग येईल का, काढणीच्या वेळी भाव काय असेल, यातलं काहीच त्याच्या हातात नाही. हातात फक्त एक गोष्ट, खताची गोणी.

म्हणून तो काउंटरशी येतो आणि म्हणतो, "ताई, दहा-सव्वीस-सव्वीसच्या चार द्या. एक डीएपी. आणि युरिया दोन."

"तात्या, एक एकरच ना?"

"एकच. पण कमी नको पडायला."

हे 'कमी नको पडायला' मी इतक्या तोंडांतून ऐकलंय, की आता पावतीवर तोही एक माल म्हणून लिहावा असं वाटतं.

हिशोब करून बघू. १०:२६:२६ म्हणजे शंभर किलो खतात अनुक्रमे एवढे किलो नत्र, स्फुरद, पालाश. डीएपीत नत्र आणि स्फुरद, युरियात नुसतं नत्र, पोटॅशमध्ये पालाश. आपल्याकडची नेहमीची शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि १२० किलो पालाश अशी. एकरात आणलं तर ४०, २४ आणि ४८. गोण्यांत मांडायचं तर १०:२६:२६ च्या दोन, युरियाची दीड आणि पोटॅशची पाऊण गोणी. एवढ्यात भागतं. तात्यांच्या यादीची बेरीज केली तर नत्र ७० किलो होतं, स्फुरद ७५ आणि पालाश ५२. म्हणजे नत्र पावणेदोन पट, स्फुरद तिप्पट. आणि गंमत अशी, की पालाश जवळपास बरोबर. तेही ठरवून नव्हे, गोणीतून आपसूक आलेलं. पोटॅशची गोणी त्यांनी मागितलीच नव्हती.

जास्तीच्या या खरेदीचे पैसे किती होतात? आजच्या भावानं तीनेक हजार. त्या एकरात बेण्याचेच याच्या कितीतरी पट पडलेत. वर नांगरट, मजुरी, फवारण्या. पन्नास-साठ हजारांच्या जुगारात तीन हजार टाकून रात्री झोप लागणार असेल, तर माणूस ते टाकणारच. मीही टाकले असते. कृषी अधिकाऱ्यांपासून टीव्हीवरच्या तज्ज्ञांपर्यंत सगळे 'शेतकऱ्यांमध्ये जागृती नाही' म्हणतात, तेव्हा मला राग येतो. जागृती भरपूर आहे. अर्ध्या लोकांना हे आकडे तोंडपाठ आहेत. ती जास्तीची गोणी अडाणीपणाची नाही. तो विम्याचा हप्ता आहे, आणि खऱ्या पीकविम्यापेक्षा त्याच्यावर लोकांचा विश्वास जास्त आहे.

फक्त हा विमा उलटतो. आणि उलटतो तो पैशात नाही, वेळेत.

बटाट्याचं झाड एकदा उपटून नीट बघा. लागवडीला महिना होत आला असेल तेव्हाचं. माती अलगद झटकली की खोडाच्या बुडातून आडवे पांढरे दोरे निघालेले दिसतात, दाभणाएवढे जाड. ती मुळं नव्हेत. ती खोडाचीच जमिनीखालून धावणारी फूट. त्या दोऱ्याचं टोक आधी आकड्यासारखं वाकलेलं असतं. मग एक दिवस ते सरळ वाढायचं थांबतं आणि फुगायला लागतं, आधी ज्वारीच्या दाण्याएवढं, मग बोराएवढं. बटाटा धरणं म्हणतात ते हे. झाडाचा हा निर्णय साधारण पंचवीस ते पस्तीस दिवसांत होतो. आता साठवायचं की अजून वाढत राहायचं? जमिनीत त्या वेळी नत्र मुबलक असेल, तर झाड वाढत राहायचं ठरवतं. कशाला थांबेल? ताटात वाढणारा हात थांबतच नाहीये. पाला गर्द हिरवा होतो, फांद्या लोळतात, रस्त्यावरनं जाणारा 'काय पीक आहे!' म्हणतो. आमच्याकडे जाणती माणसं मात्र ते बघून तोंड वाकडं करतात आणि म्हणतात, बटाटा पाल्यावर गेला.

पाल्यावर गेलेला बटाटा उशिरा धरतो आणि उशिरा पिकतो. काढणीला साल कोवळी राहते. अंगठा दाबून फिरवला की सालपट निघून येतं. दाट पाल्यात हवा खेळत नाही, पानं दिवसभर ओली राहतात, आणि श्रावणातल्या ढगाळ हवेत करप्याला याहून चांगली सोय काय हवी? मग करप्याच्या फवारण्या वाढतात. त्या औषधांचं बिलही आमच्याच दुकानात होतं, हे मी विसरत नाही. रब्बीचा बटाटा असेल तर कोवळ्या सालीचा त्रास पुढे आरणीत दिसतो. आरण म्हणजे आमच्याकडची जुनी साठवण. झाडाच्या गार सावलीत बटाट्याचा लांबट ढीग लावायचा, वर पाचट नाहीतर गवत झाकायचं, आणि भाव येईपर्यंत वाट बघायची. चांगल्या मालाची आरण उन्हाळ्यात दोन-तीन महिने सहज निघते. जास्त युरियाच्या मालाची आरण जवळून चाललं तरी नाकाला कळते.

खरिपात आणखी एक गोष्ट. युरियातलं नत्र जमिनीत काही दिवसांत नायट्रेटच्या रूपात जातं, आणि नायट्रेट पाण्याबरोबर चालायला लागतं. बटाट्याची बहुतेक मुळं वरच्या फूटभर थरातच. पठाराच्या निचऱ्याच्या जमिनीवर आषाढातली एक झड लागली, की लागवडीला टाकलेलं नत्र मुळांच्या हाताबाहेर खाली गेलेलं असतं. कुठं जातं? उताराच्या विहिरींत. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंतच नायट्रेट चालतं असं आपलं भारतीय मानक सांगतं. आपल्या विहिरीचं पाणी कुणी तपासून घेतलंय का, असं मी मधून मधून विचारते. लोक हसतात. 'आजवर काय झालंय?' म्हणतात.

म्हणून नत्र तोडून द्यायचं. निम्मं लागवडीला, निम्मं महिन्याभरानं भर लावताना. पाऊस जास्तच असेल तर तीन हप्ते. युरिया वरंब्याच्या बगलेला टाकून लगेच माती चढवायची, उघडा ठेवायचा नाही. उघड्यावर राहिला तर त्यातला अमोनिया हवेत उडतो. हे सगळ्यांना माहीत आहे. पण महिन्यानं मजूर मिळतील का, त्या दिवशी वाफसा असेल का, आणि मुख्य म्हणजे दुकानात युरिया असेल का, याची खात्री कुणाला आहे? जूनमध्ये मिळतोय तोवर घेऊन टाका, हाच शहाणपणा ठरतो.

युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. डीएपीची पन्नास किलोची १,३५० ला. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धानं बाजार पेटला तेव्हा पोटॅशची गोणी १,७०० च्या आसपास गेली. आपल्याकडे येणारं पोटॅश जवळपास सगळं परदेशातलं, बरंचसं कॅनडा, रशिया, बेलारूस यांच्या खाणींतलं. आता २६६ च्या शेजारी १,७०० ठेवल्यावर शेतकऱ्याचा हात कुठं जाईल? या गुंत्याला तारीखही आहे. १ एप्रिल २०१० पासून खतांवरचं अनुदान त्यातल्या पोषक घटकांवर ठरायला लागलं, पण युरिया त्यातून बाहेर ठेवला. बाकीच्यांचे भाव वर-खाली होत राहिले, युरिया मात्र होता तिथंच. देशभराच्या पिकांना युरियाची सवय लागली, त्यात बटाट्याचं काय नवल. पुढे २०१५ मध्ये सगळ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचं वेष्टण सक्तीचं झालं, आणि २०१८ मध्ये गोणी पन्नासची पंचेचाळीस किलोची झाली. ही गोणीची युक्ती मला मनापासून आवडते. कुणीतरी दिल्लीत ओळखलं होतं, की शेतकरी किलोत नाही, गोणीत मोजतो. मग गोणीच लहान करू. आमच्याकडे थोडे दिवस ती चालली. मग लोक दोनच्या जागी अडीच न्यायला लागले.

दुकानदाराच्या बाजूचंही एक सांगून टाकते. युरियाची गाडी नुसती येत नाही. घाऊक व्यापारी सांगतो, एवढा युरिया हवा तर सोबत एवढ्या बाटल्या, एवढे डबे उचलावे लागतील. नियमानं असं करता येत नाही. पण ऐन हंगामात नियमावर बोट ठेवलं तर गाडी पुढच्या गावाला जाते. त्या बाटल्या मग आमच्या फळीवर येतात आणि त्या कुणाच्या तरी गळ्यात मारायच्या असतात. कुणाच्या? ज्याला कमी पडायची भीती सगळ्यात जास्त, त्याच्या. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे करताना मी पाहिलंय. त्यांचा चेहरा तेव्हा दुसरीकडे असतो.

स्फुरदाचं तिप्पट होणं मात्र निराळं आहे. नत्र वाहून जातं, स्फुरद जागेवर बसतं. चुनखडीच्या काळ्या जमिनीत त्याला कॅल्शियम धरून ठेवतं, तांबड्या जमिनीत लोह. पहिल्या हंगामात पिकाला त्यातलं पाव हिश्श्याहूनही कमी मिळतं, बाकी मातीत साठत राहतं. बटाट्याची मुळं ते शोधून काढण्यात फारशी हुशार नाहीत. म्हणून खत फेकून न देता सरीत, बेण्याच्या जवळ पण बेण्याला न चिकटता द्यायचं. वर्षानुवर्षं बटाटा घेतलेल्या रानात स्फुरदाची ठेव एवढी झालेली असते, की पुढे झाडाला जस्त मिळायला अडचण येते. पानं बारीक पडतात, शिरांमध्ये पिवळी होतात. शेतकरी ते बघतो आणि म्हणतो, खत कमी पडलं.

जुन्या माणसांची बाजू इथं घ्यायला हवी. ती म्हणतात, बटाट्याचं खत वाया जात नाही, मागून येणाऱ्या पिकाला मिळतं. हे खरं आहे. बटाट्याच्या बेवडावर, म्हणजे बटाटा काढलेल्या रानात, ज्वारी बघावी. वेगळं काही न घालता ताट असं येतं, की कडब्याच्या पेंढ्या बांधताना बायका दमतात. म्हणजे तात्यांची ती डीएपी निम्मी ज्वारीच्या, पर्यायानं म्हशीच्या खात्यावर जमा होते. पुस्तकातली शिफारस एका पिकाची असते. तात्यांचा हिशोब वर्षाचा असतो. फक्त तो वजाबाकीत कधी मांडला जात नाही. ज्वारीला मागचं मिळालं हे लक्षात ठेवतात, मग पुढच्या बटाट्यालाही मागचं शिल्लक असेल, हे का नाही?

पालाशाबद्दल आमच्याकडे कुणी बोलतच नाही, आणि बटाटा सगळ्यात जास्त उचलतो ते पालाशच, नत्रापेक्षाही जास्त. पानात तयार झालेली साखर खाली गड्ड्यात नेऊन तिचा स्टार्च करायचा, या कामात त्याचा हात असतो. पालाश कमी पडलं की माल बारीक निघतो, गोळा कमी आणि गोळी जास्त. हाताळताना मुका मार लागला की आतून काळं पडतं. वेफर्सवाल्या कंपन्यांशी करार केलेले शेतकरी याबाबत तयार झालेत. तिथं गाडी उतरवायच्या आधी बटाट्याची घनता बघतात, आणि सुका भाग वीस टक्क्यांच्या खाली आला की भावाची बोलणी वेगळी होतात. नेहमीच्या पोटॅशमध्ये क्लोराइड असतं, त्यानं गड्ड्यात पाणी वाढतं. म्हणून ही मंडळी महाग पडलं तरी सल्फेटवालं पोटॅश घेतात. आपल्या घरांतल्या बायकांना हे कंपन्यांच्या आधीपासून माहीत आहे. वाळवणाच्या दिवसांत वेफर्सला आणि किसाला तळेगाव बटाटाच हवा म्हणून त्या अडून बसतात, ते काय उगीच? पाणचट, गोडसर बटाट्याचे वेफर्स तळले की लाल होतात.

पोकळ निघणाऱ्या, डाग पडणाऱ्या बटाट्यांसाठी हल्ली कॅल्शियमच्या फवारण्या जोरात खपतात. पानावर मारलेलं कॅल्शियम पानातच राहतं, खाली गड्ड्याकडे जात नाही. गड्ड्याला ते त्याच्याजवळच्या बारीक मुळांतून, वरंब्याच्या मातीतल्या पाण्याबरोबरच मिळतं. द्यायचं तर मातीत द्या. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये ते फुकटात येतं, गंधकासकट. पण सुपरची गोणी दिसायला गरीब. तिच्यावर कुणी क्रिकेटपटू नाही.

बटाटा आणि विकतचं खत हे दोघे मूळचे शेजारी आहेत, हे मला फार उशिरा कळलं. बटाटा पेरू-बोलिव्हियाच्या अँडीज डोंगरांतला. त्याच पेरूच्या किनाऱ्यालगत चिंचा नावाची बेटं आहेत. तिथं पाऊस नाही, त्यामुळे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे डोंगर साठलेले होते. तेच ग्वानो. १८४० च्या दशकापासून ते जहाजं भरभरून युरोपला जायला लागलं, आणि तीसेक वर्षांत ती बेटं जवळपास खरवडून संपली. डोंगरावरचा शेतकरी मात्र बटाट्याचं रान पुढे कित्येक वर्षं पडीक ठेवायचा, लामांचं लेंडीखत घालायचा आणि मगच पुन्हा बटाटा लावायचा. आपल्याकडे रान पडीक ठेवा म्हटलं तर लोक मला वेड्यात काढतील. दोन एकरवाल्यानं काय पडीक ठेवायचं?

लेंडीखताची सोय मात्र आपल्याकडेही होती, अजून थोडी आहे. पावसाळा तोंडावर आला की मेंढपाळांचे कळप परतीच्या वाटेवर असतात. त्यांचा वाडा रानात बसवायचा. रात्रभर मेंढ्या बसतात, लेंड्या आणि मूत दोन्ही जागेवर पडतं, सकाळी वाडा चार पावलं पुढे सरकतो. पूर्वी मोबदला धान्यात असायचा, आता रोख. अशा रानात बटाटा लावला तर गोण्या निम्म्यावर आणता येतात, हे लोक स्वतः सांगतात. आणि तरी निम्म्यावर आणत नाहीत. शेणखताची ट्रॉली आता इतकी महाग झालीय, आणि गोठ्यात जनावरं इतकी कमी, की लोक अर्धवट कुजलेलं खतही रानात ओढतात. मग त्याबरोबर हुमणी या जमिनीतल्या किडीची अंडी येतात, आणि काढणीला बटाट्याला भोकं पडलेली दिसतात.

माती तपासून घ्या, हे सांगणं माझ्या कामाचा भाग आहे. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ मध्ये आली. बारा गोष्टींची तपासणी, छापील कार्ड. आमच्याकडे ती कार्डं बऱ्याच घरांत लाइटबिलाच्या पिशवीत आहेत. लोकांचा तिच्यावर विश्वास बसत नाही, याचं एक कारण नमुना घेण्यात आहे. शेताच्या दहा-पंधरा ठिकाणी, नागमोडी चालत, टिकावानं इंग्रजी व्हीच्या आकाराचा वीतभर खड्डा घ्यायचा आणि त्याच्या बाजूची कापलेली माती खरवडून घ्यायची. बांधाकडची नको, झाडाखालची नको, उकिरड्याजवळची नको. सगळी एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. हे नीट केलं तर त्या कार्डाला अर्थ आहे. मोटरीजवळची ओंजळभर माती पिशवीत भरून दिली, तर कार्ड मोटरीजवळच्या ओंजळीचं येतं.

तात्यांची माती मी स्वतः बरोबर जाऊन काढली. स्फुरद 'अत्यंत जास्त' आलं. तात्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे आमची जमीन चांगली आहे." मी म्हटलं, "चांगलीच आहे, म्हणून डीएपी नको." त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी कडेच्या चार सऱ्या द्यायला तयार झाले. तिथं डीएपी नाही, दहा-सव्वीस निम्मं, युरिया तोडून, आणि पोटॅश वेगळं.

भर लावताना त्या सऱ्यांचा पाला शेजारच्यांपेक्षा ठेंगणा होता. तात्यांचा फोन आला, आवाजात 'मी सांगत नव्हतो?' होतं. काढणीला मी मुद्दाम गेले. गोण्या मोजल्या तर वजनात डोळ्यांत भरेल असा फरक नव्हता. पण गोळी कमी निघाली होती, आणि मजूर बायांनी न विचारताच सांगितलं, की या कडेचा माल भरताना साल निघत नाही. तात्यांनी दोन्हीकडचे बटाटे हातात घेऊन बराच वेळ अंगठ्यानं घासून बघितले. नातवालाही बघायला लावलं.

यंदाच्या मृगाआधी ते दुकानात आले. म्हणाले, "अर्ध्या एकराला तुझ्या पद्धतीनं करू. डीएपी नको."

मी पावती करायला घेतली. नातवानं गोण्या पिकअपमध्ये टाकल्या. गाडी चालू झाल्यावर तात्या परत आत आले आणि काउंटरवर वाकून, नातवाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, "एक गोणी डीएपी आत ठेव बाजूला. माझ्या नावानं. लागलीच तर."

मी ठेवली आहे. चिठ्ठी लावून.